भारत बघायचा, पण कुठला?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पोलादपूरच्या एसटी स्थानकाबाहेर उभे राहिले की तीन वाटा फुटतात. एक महाडवरून मुंबईकडे. दुसरी कशेडी ओलांडून खेड, चिपळूण करत गोव्याकडे. आता कशेडीला बोगदाही झाला आहे. तिसरी आंबेनळी घाटाने, प्रतापगडाच्या पायथ्यावरून महाबळेश्वरला चढते. माझे आजोळ पोलादपूरचे आणि घर महाडचे. लहानपणी सुट्टीत मामाच्या दुकानाच्या फळीवर बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत असे. वाटायचे, मोठे झाल्यावर या सगळ्या गावांना जायचे. पुढे बी.ए. झालो, पतपेढीत हिशेब लिहू लागलो, फावल्या वेळात कविता करू लागलो, पन्नाशी उलटली. पाट्यांवरची निम्मी गावे अजून राहिलीच आहेत.

आपल्यापैकी बहुतेकांचे असेच असते. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घरात एकच प्रश्न, "यंदा कुठे?" पाच माणसांची सहा उत्तरे येतात. मुलाला बर्फ हवा, मुलीला समुद्र, आईला देवस्थान किंवा दर्गा, बायकोला स्वयंपाकघरापासून सुटका. आपल्याला हवे असते स्वस्त तिकीट. शेवटी शेजारी जिथे जाऊन आले तिथे आपण जातो. हा प्रश्न आपण जितका समजतो तितका साधा नाही, आणि थोडा विचार केला तर तितका अवघडही नाही. आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

आधी एक हिशेब मांडू. हिशेब हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे सवय सुटत नाही. आपला देश उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर लांब आणि पूर्व-पश्चिम २,९३३ किलोमीटर रुंद. २८ राज्ये, ८ केंद्रशासित प्रदेश, साडेसातशेहून अधिक जिल्हे. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून जास्त लोक बोलतात अशा १२१ भाषा नोंदल्या गेल्या. आता समजा, पंचविसाव्या वर्षी तुम्ही कमावते झालात आणि पंचाहत्तरीपर्यंत पाय धड राहिले. दरवर्षी न चुकता एक मोठा प्रवास केलात, तरी होतात पन्नास. पन्नास प्रवास आणि साडेसातशे जिल्हे! म्हणजे 'सगळा भारत बघितला' असे म्हणणारा माणूस एक तर वाऱ्याच्या वेगाने पळालेला असतो किंवा थापा मारत असतो. न बघितलेलेच कायम जास्त राहणार, हे एकदा मनाशी मान्य केले की पुढचा विचार शांतपणे होतो.

मला हे मान्य करायला वेळ लागला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लग्न नवे असताना आम्ही दोघे एका सहलीबरोबर उत्तर भारत बघायला गेलो होतो. अकरा दिवस आणि चौदा ठिकाणे. पहाटे चारला चहा, पाचला गाडी. दिल्ली, आग्रा, हरिद्वार, मसुरी, सिमला, मनाली, अमृतसर, सगळे काही झाले. ताजमहालापुढे पाऊण तास मिळाला, त्यातला अर्धा तास फोटोच्या रांगेत गेला. परत आल्यावर अब्बांनी विचारले, "काय बघितलंस?" मी गावांची नावे सांगितली. ते म्हणाले, "ही तर तू जायच्या आधीच सांगत होतास." त्या प्रवासावर मला एक ओळही लिहिता आली नाही. सहल काढणाऱ्यांची त्यात चूक नव्हती. त्यांनी छापील पत्रकात दिलेले सगळे दाखवले. चूक माझीच होती. मी निवड केलीच नव्हती, फक्त यादी विकत घेतली होती.

खरी परीक्षा आली ती २०२४ मध्ये. माझा धाकटा भाऊ मस्कतला असतो. आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांमध्ये कोणी ना कोणी समुद्रापलीकडे असतोच. पूर्वी आफ्रिकेत केप टाउनपर्यंत माणसे गेली, आता आखातात जातात. भावाची दोन्ही मुले तिकडेच जन्मली, पुतण्या पंधरा वर्षांचा आणि पुतणी अकराची. त्यांना भारत म्हणजे महाडमधले दादीचे घर, मुंबईचा विमानतळ आणि मधला खड्ड्यांचा रस्ता. भावाचा फोन आला, "भाई, या वर्षी पोरांना भारत दाखवायचा. नंतर ती कॉलेजात जातील, मग कोण येतंय?" त्याने यादी पाठवली. जुलैचे शेवटचे तीन आठवडे. महाबळेश्वर, गोवा, मुन्नार, वायनाड, मग विमानाने दिल्ली, तिथून मनाली. आणि या सगळ्यात अम्मीलाही बरोबर घ्यायचे. अम्मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची.

अम्मीची मागणी मात्र एकच होती. २२ जुलै २०२१ ला महाड बुडाले, तेव्हा आमच्या घरात माळ्याच्या शिडीपर्यंत पाणी चढले होते. माझ्या कवितांच्या दोन वह्या त्यात गेल्या. ती रात्र अम्मीने माळ्यावर बसून काढली. तेव्हापासून ती अधूनमधून म्हणायची, "एवढं पाणी येतं तरी कुठून? जन्मभर या सावित्रीच्या काठी राहिले, पण ती निघते कुठे ते काही बघितलं नाही. एकदा दाखव मला." पोलादपुरात जन्मलेली, महाडात दिलेली बाई. दोन्ही गावे सावित्रीकाठची. उगम चाळीस किलोमीटरवर, आणि तो बघायचा राहून गेला.

त्या यादीवर मी आणि भाऊ महिनाभर फोनवर भांडलो. भांडता भांडता काही प्रश्न तयार झाले. तेच तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न 'कुठे' हा नाही, 'कधी' हा आहे. आधी महिना ठरतो, मग प्रदेश. आपण नेहमी उलटे करतो. या देशात एकाच दिवशी चार ऋतू नांदतात, आणि मोसमी वारे त्याचा कारभार चालवतात. पाऊस साधारण १ जूनला केरळात येतो, आठवड्या-दहा दिवसांत कोकणात पोचतो आणि जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत देश व्यापतो. परतीची सुरुवात सप्टेंबरच्या मध्यानंतर पश्चिम राजस्थानातून होते. ढग समुद्रावरून येतात, सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आमच्या अंगणात रिकामे होतात. डोंगर ओलांडून जे पलीकडे जातात त्यांच्याकडे फारसे काही उरत नाही. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात, शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात हा फरक, तर देशाचे काय सांगावे! मेघालयातल्या मौसिनरामला सरासरी अकरा हजार मिलिमीटरहून जास्त, जैसलमेरला दोनशेहून कमी आणि लेहला जेमतेम शंभर.

याचा प्रवाशाला उपयोग असा. जुलै-ऑगस्टमध्ये कोकण, केरळ, कूर्ग, हिमाचल आणि उत्तराखंडचे डोंगर टाळावेत. त्या काळात लडाख-स्पितीकडे जाता येते, कारण ते हिमालयाच्या छायेत आहेत. तमिळनाडूच्या किनाऱ्याला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांनी मिळतो, म्हणून आपल्याकडची दिवाळीची सुट्टी चेन्नईकडे भिजत जाऊ शकते. राजस्थान, कच्छचे रण, मध्य प्रदेश यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली आणि उत्तर प्रदेशात दाट धुके पडते आणि रेल्वेगाड्या तासन् तास उशिरा धावतात, तेव्हा पुढचे आरक्षण एकाला एक लावून ठेवू नये. ताडोबासारख्या व्याघ्रप्रकल्पांचा गाभा साधारण जुलै ते सप्टेंबर बंद असतो. ईशान्येकडे थंडीत जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. घड्याळ देशभर एकच, पण सूर्य तिकडे लवकर उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात तिथे साडेचार-पाचला अंधार होतो. दुपारच्या जेवणाला आपल्यासारखी दोन वाजेपर्यंत टंगळमंगळ केली तर दिवस संपलाच.

भावाला मी सांगितले, जुलै नको. तो म्हणाला, "भाई, पावसात हिरवंगार असतं, पोरांनी पाऊस बघितलेला नाही." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण महाड-पोलादपूरच्या माणसाला पावसाळी हिरवाई निव्वळ हिरवी दिसत नाही. २००५ च्या जुलैत आमच्या तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा सावित्रीचा जुना पूल वाहून गेला, त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. २८ जुलै २०१८ ला आंबेनळीत बस कोसळली. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला. वरंध घाट तर पावसाळ्यात वाहतुकीला अनेकदा बंदच ठेवतात. पाऊस बघावा, पण आपल्या घराच्या पडवीतून. अनोळखी घाटात, लहान मुले आणि म्हाताऱ्या आईला घेऊन नव्हे.

भाऊ थोडा रागावला, पण त्याने तिकिटे काढली नाहीत. ३० जुलै २०२४ ला पहाटे वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला या गावांवर डोंगर उतरला. दुपारी भावाचा फोन आला. बराच वेळ तो काही बोललाच नाही, मग म्हणाला, "डिसेंबरात येतो." मी शहाणा ठरलो असे मला वाटले नाही. तिथल्या लोकांना आपली तारीख बदलता आली नव्हती. एवढे खरे की प्रवाशाच्या हातात जे मोजके पर्याय असतात, त्यांत महिना निवडणे हा सगळ्यात मोठा.

दुसरा प्रश्न, 'कोणाबरोबर?' घरातला सगळ्यात कमजोर माणूस कोण, त्याच्या पायाने प्रवास आखावा. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरच्या अडीचपट उंच. तिथे विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यावी लागते, नाहीतर विरळ हवेने डोके धरते, श्वास लागतो. हृदयाचा, दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊच नये. लहान मुलांना सलग सहा तासांपेक्षा जास्त गाडीत बसवले की त्यांना फक्त उलटीची पिशवी आठवते. खाण्यापिण्याचेही बघावे. माझ्यासारख्याला परगावी गोश्ताची चौकशी करावी लागते, कोणाला कांदा-लसूण चालत नाही. पण मी अनुभवाने सांगतो, त्या त्या गावचे डाळ-भात आणि भाजी खाल्ली तर कुठेही अडत नाही, आणि गावाची ओळखही लवकर होते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, तोही आमच्या घरात बघावा लागतो. तुमच्याकडे चातुर्मास असेल, परीक्षा असतील. परवानग्यांचे आधी विचारून घ्यावे. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि २०१९ च्या डिसेंबरपासून मणिपूर, इथे बाहेरच्या भारतीयालाही इनर लाइन परवाना लागतो.

तिसरा प्रश्न, 'किती दिवस?' इथे खरा हिशेब करावा. सुट्टी बारा दिवसांची म्हणजे बघायला बारा दिवस नव्हेत. जाणे-येणे वजा करा, गावे बदलण्यात जाणारे दिवस वजा करा. प्रत्येक वेळी मुक्काम हलवला की सामान बांधणे, खोली शोधणे, रस्ता यांत अर्धा दिवस जातो. बारा दिवसांत सात मुक्काम केलेत तर साडेतीन दिवस नुसते पिशव्या उचलण्यात गेले. मी आता एक साधा नियम करून टाकला आहे. एका जागी निदान दोन रात्री, आणि एका प्रवासात एकच प्रदेश. आम्हाला कोकणकरांना रेल्वे ही मोठी सोय झाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि महाड तालुक्यातल्या वीर स्थानकावरून थेट दक्षिणेची वाट मोकळी झाली. रात्रीची गाडी घेतली की एक दिवसही वाचतो आणि एका खोलीचे भाडेही. मात्र आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होते, त्या दिवशी सकाळीच बसावे. आणि ज्यांना राज्यातच फिरायचे आहे त्यांच्यासाठी एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार आणि सात दिवसांचा पास आहे. माझ्या ओळखीचे एक शिक्षक दरवर्षी त्या पासावर एक जिल्हा करतात.

आता चौथा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. 'कोणत्या धाग्याने?' पन्नास ठिकाणे समोर असतात, त्यांतली पाच निवडायची कशी? प्रसिद्धीवरून निवडली तर ती पाच सुटी राहतात, जत्रेतल्या पाच दुकानांसारखी. पण त्यांना ओवणारा एखादा धागा असेल तर प्रत्येक ठिकाण पुढच्याचा अर्थ सांगते. आणि तो धागा शक्यतो आपल्या दारातून निघालेला असावा.

उदाहरणे देतो. आमच्या डोक्यावर रायगड आहे. १६८९ मध्ये रायगडाला मोगलांचा वेढा पडायच्या सुमारास राजाराम महाराज गडावरून बाहेर पडले, ते प्रतापगड, पन्हाळा करत पार तमिळ मुलखात जिंजीला पोचले. पुढची आठ-नऊ वर्षे मराठ्यांची राजधानी जिंजी होती. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांत अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी. जिंजीहून खाली तंजावरला गेलात तर बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ चा प्रचंड मराठी शिलालेख आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत. महाडच्या मुलाला तमिळनाडू 'साउथ इंडिया टूर' म्हणून दाखवला तर तो इडली मोजेल. रायगडाचा धागा हातात देऊन नेला तर त्याला वाटेल, आपण आपलीच हरवलेली वही वाचतो आहोत.

दुसरा धागा हातमागाचा. येवल्याची पैठणी बघा, तिथून नर्मदाकाठी महेश्वर, पुढे चंदेरी, शेवटी बनारस. हे चार थांबे केले तर मध्य भारत कळतो, शिवाय एका साडीच्या काठामागे किती हात आणि किती घरे असतात तेही कळते. तिसरा धागा लेण्यांचा. महाडच्या सीमेवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, तीसच्या आसपास. तिथून कार्ले, भाजे, मग वेरूळ, अजिंठा असे जाता येते. कोणाचा धागा संगीताचा असेल, कोणाचा आंब्याचा, कोणाचा संतांचा. पोलादपुरात 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे. देशभरातल्या कवींच्या समाध्या आणि मजारी बघत फिरायचे, हा माझा धागा मी निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवला आहे.

डिसेंबरचे आमचे काय झाले ते सांगतो. भावाला आता जिंजी हवे होते. पण त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीला फेंगल चक्रीवादळाने त्या बाजूच्या विळुप्पुरम जिल्ह्यात पूर आणला होता. जिंजी त्याच जिल्ह्यात. सावरू पाहणाऱ्या लोकांच्या दारात हौसेने जायचे नाही, असे ठरवले. मग अम्मीची मागणी पुन्हा पुढे आली, आणि तिच्यातच धागा सापडला. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते. तिथेच कृष्णाही उगम पावते. एक पश्चिमेला उतरते आणि शंभर-एक किलोमीटरमध्ये बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्राला मिळते. दुसरी पूर्वेला वळते, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा चौदाशे किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. ठरले. कृष्णा धरून जायचे. दिल्ली नाही, मनाली नाही, गोवा नाही.

पहिल्या दिवशी एसटीने आंबेनळी चढलो. पंचाहत्तरीवरच्यांना २०२२ पासून राज्यात एसटी मोफत आहे, आणि महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट. कंडक्टरने शून्य रुपयांचे तिकीट हातात दिल्यावर अम्मी पुतणीला म्हणाली, "बघ, मला सरकारच नेतंय." क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगा मंदिरात गेलो. चपला बाहेर काढल्या. दगडी गोमुखातून पाणी कुंडात पडत होते. अम्मीने ओंजळ धरली, पाणी डोळ्यांना लावले. मग ऑर्थरसीटला गेलो. तिथून सावित्रीचे खोरे सरळ पायाखाली दिसते, हजारो फूट खोल, आणि तळाशी नदीची बारीक रेघ. अम्मी कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिली. मला वाटले, पुराची आठवण येऊन रडेल. पण ती म्हणाली, "दोघी बहिणी एका घरच्या. एक जवळ दिली, एक लांब दिली. लांबचीला माहेर आठवत असेल का रे?" पुतण्याने मोबाईल खिशात ठेवला आणि विचारले, "दादी, लांबची कुठपर्यंत जाते?" माझे निम्मे काम तिथेच झाले.

पुढे वाईला दोन रात्री, मग कराडचा प्रीतिसंगम. तिथे कोयना, म्हणजे महाबळेश्वरची आणखी एक लेक, कृष्णेला समोरासमोर भेटते. कराडहून माझी पत्नी अम्मीला घेऊन परतली. आम्ही सांगली, नृसिंहवाडी करून मिरजेहून गाड्या बदलत विजयवाड्याला पोचलो. तिथे बॅरेजवरून कृष्णेचे पात्र बघून पुतणीला खरे वाटेना की ही तीच. अमरावतीला स्तूपाचे अवशेष बघितले. गांधारपाल्याच्या लेण्यांत भिक्षू राहत होते त्या काळात सह्याद्रीपलीकडे, याच नदीकाठी केवढे वैभव होते ते तिथल्या शिळांवर दिसते. शेवटच्या टप्प्यात हंसलदीवीला गेलो. तिथे नदी संपते आणि समुद्र सुरू होतो. पुतण्या वाळूत उभा राहून म्हणाला, "बडेअब्बा, आपण भारत आडवा कापला." कोणाकडे ताजमहालाचा फोटो नव्हता. परतीच्या कोणार्क एक्सप्रेसमध्ये मुलांनी स्वतःहून कागदावर नकाशा काढला, त्यात महाड होते आणि ते नेमके जागेवर होते.

पाचवा प्रश्न सोपा आहे, पण जड जातो. 'काय सोडायचे?' निवड म्हणजे सोडणे. भावाची दिल्ली राहिली, मुन्नार राहिले, आंध्रातले नागार्जुनकोंडा तर अगदी वाटेवर असून राहिले. घरी एक वही करावी. सोडलेली ठिकाणे तिच्यात लिहावीत आणि पुढे योग्य महिना लिहून ठेवावा. सोडलेले हरवत नाही, ते पुढच्या वर्षाच्या खात्यावर जमा होते.

आणि एक शेवटचे, महाडकर म्हणून. आम्ही 'मधले' लोक आहोत. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्यांसाठी आम्ही चहाचा थांबा. रोज हजारो गाड्या काचा वर करून गांधारपाल्याच्या लेण्यांखालून जातात. पण आमच्याकडे यादी न करता येणारी माणसेही आहेत. २० मार्चला चवदार तळ्यावर लाखोंनी येतात. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले, म्हणून. त्याच वर्षीच्या डिसेंबरातल्या परिषदेच्या मांडवाला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जागा दिली होती, हे आमच्या गावात आजही अभिमानाने सांगतात. ६ जूनला रायगडावर तशीच माणसे चढतात. या लोकांना 'यंदा कुठे?' हा प्रश्न पडत नाही. त्यांना माहीत असते की ते कशासाठी निघाले आहेत. सहलीला निघताना आपल्याकडे तेवढे मोठे कारण नसेल, पण एखादे छोटे, आपले स्वतःचे कारण असावे.

देशातले प्रत्येक गाव कोणाचे तरी महाड आहे. तुमच्या प्रवासात जे गाव काचेतून मागे पडेल, तिथे निदान एकदा उतरून बघा. आणि आमच्याकडे यायचे झाले तर जुलैत नको, नोव्हेंबरनंतर या. रायगड, लेणी, चवदार तळे, उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी, शिवथरघळ, सवचे गरम पाण्याचे झरे. दोन रात्री पुरतील. तिसरी रात्र राहिलात तर नदीकाठी जाऊ. आता ती कुठून येते ते अम्मी तुम्हाला सांगेल.